परदेशात घर घेतलंत? मराठवाड्यातल्या मंडळींनो, खरं खरं लिहा

परभणी, सध्या आइंडहोवन

तीन आठवड्यांच्या सुट्टीवर परभणीला आलेय आणि डोक्यात एकच किडा आहे: आइंडहोवनमध्ये घर घ्यावं का? सहा वर्षं झाली, महिन्याला १,७०० युरो भाडं जातंय. नवरा म्हणतो घेऊन टाकू, मी म्हणते थांबू. नाना, म्हणजे माझे वडील, रोज सकाळच्या चहाला एकच वाक्य ऐकवतात, "बाई, दुसऱ्याच्या भिंतीला किती दिस रंग देणार?"

नेदरलँड्समध्ये घराच्या किमतीच्या शंभर टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं. ऐकायला झकास वाटतं. पण २ टक्के हस्तांतरण कर, नोटरी, दलाल, मूल्यांकन हे सगळं खिशातून. शिवाय सांगितलेल्या किमतीवर चढ द्यावीच लागते. किती द्यायची ते कळत नाही, कारण बोली बंद पाकिटातली. तीन घरांवर बोली लावली, तिन्ही गेली.

तर तुम्ही लिहा. सोफ्याचे आणि गृहप्रवेशाचे फोटो नकोत, ते पाहिलेत. पैसे कुठं अडकले, घरात कुणाशी वाजलं, कोणती गोष्ट आधी कळली असती तर बरं झालं असतं, ते सांगा. ज्यांनी घेतलं नाही त्यांनीही लिहा. इकडच्या आईवडिलांनीही लिहा, तुमचा पैसा नाहीतर जीव त्यात गुंतलेला असतोच.

लातूर, सध्या डॅलसजवळ

माझं पहिलं सांगणं: माती बघा. हसू नका.

आम्ही २०१९ मध्ये नवं घर घेतलं. ताबा देताना बिल्डरच्या माणसानं एक कागद दिला, उन्हाळ्यात पायाला पाणी द्या म्हणून. मला वाटलं झाडांचं सांगतोय. नाही, घराच्याच पायाला. डॅलसच्या आसपासची बरीच जमीन काळी चिकणमाती. ब्लॅकलँड प्रेअरी म्हणतात त्या पट्ट्याला. आपल्या कापसाच्या काळ्या रानाची ती सख्खी बहीण. पावसात फुगते, उन्हात भेगाळते. एका बाजूची माती सुकून आकसली की त्या बाजूचा काँक्रीटचा स्लॅब खाली बसतो, दारं चौकटीत अडकतात, भिंतीला तिरक्या भेगा जातात. म्हणून भिंतीपासून फूट-दीड फूट सोडून जमिनीवर झिरपती नळी टाकायची आणि कोरड्या दिवसांत ती हळूहळू सोडायची. ओल सगळीकडं सारखी राहिली पाहिजे, एवढाच हिशोब.

२०२२ च्या उन्हाळ्यात आई आली होती. ती लातूरच्या त्या दुष्काळातली, २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा घागरींच्या रांगेत उभी राहिलेली. संध्याकाळी मी नळी सोडली. आई ओट्यावर बसून बघत होती.

"काय पेरलंय तिथं?"

"काही नाही. घराला पाणी देतोय."

पाचेक मिनिटं बोललीच नाही. मग उठली, जाऊन नळ बंद केला आणि म्हणाली, "आरं, आमी घागरीमागं पळालो अन् तू भिताडाला पाणी पाजायलास?" समजावून सांगितलं. मातीचं पटलं तिला, तिनं काळ्या रानात भेगांमध्ये पाय अडकवून घेतलेत. पण ती होती तोवर नळी मी ती झोपल्यावर सोडायचो.

आता पैशाचं. टेक्सासात राज्याचा आयकर नाही म्हणून लोक उड्या मारत येतात. तो सगळा पैसा घरपट्टीत वसूल होतो. माझ्या भागात किमतीच्या दोन टक्क्यांच्या वर जाते. नव्या घराची खरी गंमत दुसऱ्या वर्षी. पहिल्या वर्षी पट्टी नुसत्या प्लॉटवर लागली, कारण १ जानेवारीला घर उभंच नव्हतं. बँक हप्त्यातच पट्टी आणि विमा कापून ठेवते, ती त्या कमी आकड्यावर कापत राहिली. दुसऱ्या वर्षी पट्टी पुऱ्या घरावर आली आणि महिन्याचा हप्ता एकदम ६४० डॉलरनं वाढला. मागची तूट आणि पुढची वाढ, दोन्ही एकत्र. आणि स्वतः राहत असाल तर होमस्टेड सवलतीचा अर्ज करा. आपोआप मिळत नाही. मी एक वर्ष घालवलं.

उदगीर, सध्या सिंगापूर

घेतलं नाही. परदेशी माणसाला इथं एप्रिल २०२३ पासून नेहमीच्या मुद्रांक शुल्काच्या वर ६० टक्के जादा शुल्क आहे. साठ. सहा नाही. कायम रहिवासी झालात तर पहिल्या घराला ५ टक्के, आणि सरकारी इमारतीतला जुना फ्लॅट घ्यायचा तर त्यानंतरही तीन वर्षं थांबायचं. आम्ही थांबलोय. उदगीरला मात्र सगळ्यांना वाटतं की मी पैसे लपवतोय.

गेवराई तालुका, सेवानिवृत्त शिक्षक

आपण आईवडिलांनाही लिहायला सांगितलंत म्हणून लिहितो. मोबाईलवर टंकतोय, चुका सांभाळून घ्या.

थोरला कॅनडात, ब्रॅम्प्टनला. २०२१ साली घर घ्यायचं ठरवलं. तिकडं भाव रोज चढत होते. फोनवर म्हणाला, "दादा, आत्ता नाही घेतलं तर कधीच नाही." थोडी रक्कम कमी पडत होती. मागितली नाही त्यानं. मीच म्हणालो, बघतो.

वडिलोपार्जित सहा एकर. त्यातलं रस्त्याकडचं दोन एकर विकलं. पैसे बँकेतून रीतसर पाठवले. माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, त्यामुळं मर्यादेची अडचण नव्हती. सात लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँकेनं पाच टक्के कर कापला. मला वाटलं गेला. सीए म्हणाला, विवरणपत्र भरा, परत मिळेल. मिळाला. आता हा कर दहा लाखांच्या वर वीस टक्के झालाय असं तोच सांगतो, तेव्हा पाठवणाऱ्यांनी तेवढी रक्कम वर्षभर अडकणार हे धरून चालावं.

हे झालं कागदाचं. धाकटा माझ्याजवळ असतो, शेती तोच करतो. व्यवहाराच्या दिवशी रजिस्ट्री ऑफिसात सही करायला आला, केली, काही बोलला नाही. संध्याकाळी जेवताना आईला म्हणाला, "भाऊच्या घराला माझं वावर गेलं." मी ऐकलं. मला वाटलं होतं की वावर माझं आहे.

पुढं २०२२ ला कॅनडात व्याज वाढायला लागलं. तिथल्या मध्यवर्ती बँकेचा दर पाव टक्क्यावर होता, तो दीड वर्षात पाच टक्क्यांवर गेला. थोरल्याचं कर्ज बदलत्या दराचं. हप्ता तेवढाच होता, पण त्यातून मुद्दल फिटेना, नुसतं व्याज. मग बँकेनं हप्ताही वाढवला. त्यानं तळघर भाड्यानं दिलं. मागच्या वर्षी आम्ही गेलो तेव्हा खालून पंजाबी पोरांचा आवाज यायचा, बरं वाटायचं.

धाकट्याच्या नावे आता दोन एकर वेगळं करून दिलंय, फेरफारही झाला. थोरल्यानं स्वतःहून हक्कसोड दिली. पण दोघं भाऊ अजून फोनवर पावसापाण्याचंच बोलतात.

नांदेड, सध्या स्टुटगार्ट

गुरुजींचं वाचून दोन दिवस काही लिहावंसं वाटलं नाही. आज लिहितो.

जर्मनीत किमतीच्या वरचा खर्च आधी मोजा, घर मागाहून बघा. आमच्या राज्यात खरेदी कर ५ टक्के. बव्हेरियात साडेतीन, काही राज्यांत साडेसहा. नोटरी आणि नोंदणी मिळून दोनेक टक्के. दलाल मध्ये असेल तर आमच्याकडं बहुतेक ३.५७ टक्के. म्हणजे घरामागं दहा-साडेदहा टक्के नुसतेच गेले, आणि बँकेला ते तुमच्या बचतीतून हवे असतात. कायमच्या वास्तव्याचा परवाना आल्यावरच आमच्याशी दोन बँका सरळ बोलल्या. त्याआधी नुसतं "कळवतो".

नोटरीचा प्रसंग सांगतो. इथं नोटरी सगळा करार मोठ्यानं वाचतो. सगळा म्हणजे सगळा, पुरवण्यांसकट. कायदाच आहे. आमच्या करारात पस्तीस पानं होती. बाई एकसुरात वाचत होत्या, माझी मुलगी माझ्या मांडीवर झोपली, विकणारे आजोबा डुलक्या घेत होते. मला एकदम आठवलं, आमच्या नांदेडच्या घरी श्रावणात पोथी लागायची आणि मागच्या रांगेत असेच आजोबा पेंगायचे. एकविसाव्या पानावर बायकोनं हात वर केला. तळघरातली खोली आमच्या फ्लॅटची म्हणून दाखवली होती, करारात क्रमांक दुसराच होता. आजोबा खडबडून जागे झाले. दुरुस्ती झाली, पुन्हा ते पान वाचलं. जर्मन नीट येत नसेल तर दुभाष्या घ्यावाच लागतो. पैसे वाचवायला "येतं थोडंफार" म्हणू नका.

आणि हो, स्वयंपाकघर. रिकामं मिळालं. ओटा नाही, सिंक नाही, भिंतीतून नुसती पाण्याची तोटी. जुने मालक ओटा काढून घेऊन गेले, इथं तशीच पद्धत. नवा येईपर्यंत सात आठवडे आम्ही न्हाणीघरात भांडी घासली.

जालना, सध्या मेलबर्न

इथं शनिवारी रस्त्यावर लिलाव होतो. घरासमोर पन्नास माणसं, निम्मी शेजारची, बघायला आलेली. मला तो प्रकार नवा नव्हता. लहानपणी वडिलांबरोबर मोंढ्यात मोसंबीच्या सौद्याला जायचो. आजोबा तर बैलबाजारात उपरण्याखाली बोटं दाबून भाव करायचे, बाजूच्यालाही पत्ता नाही.

म्हणून मला वाटलं, आपण यात पटाईत. तिथंच चुकलो. मोंढ्यात माल जास्त पडला की भाव उतरतो आणि उद्या पुन्हा बाजार असतो. इथं घर एकच. समोर एक जोडपं, मी पाच हजारांनी वाढवलं की ते पाच हजारांनी. बायकोशी ठरवलेला आकडा मी कधी ओलांडला ते मलाच कळलं नाही. हातोडा पडला तेव्हा ठरल्यापेक्षा ३८ हजार डॉलर वर होतो. लिलावात घेतलेल्या घराला मागं फिरायची मुभा नाही. साध्या खरेदीत आमच्या व्हिक्टोरिया राज्यात तीन कामाचे दिवस मिळतात, लिलावात शून्य. दहा टक्के तिथंच, त्याच ओट्यावर. तपासणी करायची ती लिलावाच्या आधी, स्वतःच्या खर्चानं, आणि घर मिळालं नाही तर तेही पैसे बुडाले. आमचे दोनदा बुडाले.

आता बोली लावायला माणूस नेमतात लोक. पैसे घेतो, पण त्याला बायकोची आणि घराची माया नसते. आणखी एक, तात्पुरत्या व्हिसावर असाल तर १ एप्रिल २०२५ पासून जुनं घर घ्यायला बंदी लागली आहे, दोन वर्षांसाठी लावली. आधी तुमचा व्हिसा काय आहे ते बघा, मग शनिवारच्या चकरा मारा.

उमरगा तालुका, सध्या न्यू जर्सी

लातूरकरांनी मातीचं लिहिलं, मी भिंतीचं लिहिते.

३० सप्टेंबर १९९३ ला मी नऊ वर्षांची होते. आदल्या रात्री गणपती बुडवून आलो होतो. पहाटे चारच्या सुमाराला सगळं खाली आलं. आमच्या भागातली घरं म्हणजे मातीत रचलेल्या दगडांच्या दीड-दोन हात जाड भिंती आणि वर माळवद. माळवदावर दरवर्षी मातीचा थर चढवायचा, म्हणजे घर जितकं जुनं तितकं डोक्यावरचं ओझं जास्त. माणसं भूकंपानं कमी मेली, त्या दगडमातीनं जास्त मेली. माझी आजी आणि चुलतभाऊ त्यात गेले.

२०१८ ला घर बघायला लागलो तर सगळीकडं लाकडी सांगाडा आणि वर पुठ्ठ्यासारखी पांढरी पाटी. नवऱ्याला (तो पुण्याचा) ते पटेना. "बुक्की मारली तर भोक पडेल." त्याला विटांचं, भक्कम हवं होतं. तात्या, म्हणजे माझे वडील, सहा महिन्यांसाठी आले होते, त्यांना बरोबर नेलं. त्यांनी प्रत्येक घरात एकच केलं, भिंतीला बोटाच्या पेरानं टकटक. एका घरात वरच्या मजल्यावर उभं राहून छताकडं बघत म्हणाले, "हे घ्या. हे पडलं तरी माणूस उकरून काढता येईल." दलाल बाईनं विचारलं, बाबा काय म्हणतात? मी म्हणाले, त्यांना उजेड आवडला.

तेच घेतलं. करार झाल्यावर इथं वकिलाला तीन कामाचे दिवस मिळतात, त्यात रद्दही करता येतो. ते दिवस वापरा. तळघराची रेडॉन वायूची तपासणी करा. जमिनीतून येणारा किरणोत्सारी वायू तो, वासही नाही रंगही नाही. आमच्याकडं जास्त निघाला, विकणाऱ्याकडून पंखा आणि पाईप बसवून घेतला. वाळवीची तपासणी वेगळी. आणि घरपट्टी टेक्साससारखीच रडवते, वर राज्याचा आयकरही आहे.

छत्रपती संभाजीनगर, सध्या रेडिंग, इंग्लंड

तुम्ही सगळे निदान जमिनीसकट घेताय. मी २०१६ ला फ्लॅट घेतला तो लीजहोल्डवर, म्हणजे ९९ वर्षं राहण्याचा हक्क. जमीन आणि इमारत दुसऱ्याची. मुदत ८० वर्षांच्या जवळ आली की ती वाढवून घेणं महाग, आणि विकायला काढलं की घेणाऱ्याच्या बँका नाकं मुरडतात. जमिनीचं भाडं वेगळं. ३० जून २०२२ पासूनच्या नव्या करारांना ते नाही, माझा जुना.

२०१७ ला लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला आग लागली, ७२ माणसं गेली. मग सगळीकडं इमारतींचं बाहेरचं आवरण तपासायला लागले. आमच्या इमारतीवरही तसलंच, पेट घेणारं निघालं. तपासणीचा कागद नाही तोवर कोणती बँक घेणाऱ्याला कर्ज देईना. चार वर्षं फ्लॅट विकता आला नाही, दुसरं मूल झालं तरी एका खोलीत चौघं. इमारत सांभाळणाऱ्या कंपनीला मी ६१ पत्रं लिहिली, सगळी जपून ठेवलीत. उत्तरं आली अकरा. त्यातली सात एकाच मजकुराची.

आमच्या पप्पांना हे कधीच कळलं नाही. "पैसे भरले ना? मग जागा तुझीच." त्यांना मी शेवटी सांगितलं, वक्फच्या नाहीतर देवस्थानच्या जमिनीवर घर बांधल्यासारखं समजा. मग गप्प झाले.

अंबाजोगाई, सध्या पुन्हा अंबाजोगाई

मी थोडक्यात लिहिते. नॉर्थ कॅरोलायनात २०२१ ला घर घेतलं, व्याज तीन टक्क्यांच्या आसपास. नवरा एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, मी त्याच्यामागं, काम करायची परवानगी नाही. कर्जाच्या कागदावर माझं नाव नाही, कारण उत्पन्न नाही. मी धरून बसले की डीडवर, म्हणजे मालकीच्या कागदावर तरी पाहिजे. सासरे फोनवर म्हणाले, "कशाला, तो काय पळून चाललाय?" नवऱ्यानं शांतपणे घातलं नाव. कर्जावर नाव नसलं तरी मालकीवर असू शकतं, हे बायांनो लक्षात ठेवा.

२०२३ च्या जानेवारीत नोकरी गेली. साठ दिवस. त्यात दुसरी नोकरी नाहीतर देश सोडायचा. घर साठ दिवसांत विकायचं म्हणजे घेणाराच भाव ठरवतो, कारण दारावरच्या पाटीपेक्षा तुमची घाई आधी दिसते. दोन्हीकडच्या दलालांचे साडेपाच टक्के गेले. हातात आलं ते भरलेल्यापेक्षा थोडं कमीच. डीडवर नाव होतं म्हणून विकताना माझीही सही लागली. लेकराच्या खोलीच्या भिंतीवर उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या, त्या मी पुसल्या नाहीत. नवऱ्याला रंगाऱ्याचे पैसे द्यायचे होते, मी देऊ दिले नाहीत.

व्हिसा नोकरीला बांधलेला असेल तर सहा महिन्यांचे हप्ते बाजूला असल्याशिवाय घेऊ नका. आम्ही सोफा घेतला होता.

परभणी, पुन्हा मी

सगळ्यांचं वाचलं. काही नानांना वाचून दाखवलं, गेवराईच्या गुरुजींचं सोडून. पण त्यांनी चष्मा लावून तेच आधी वाचून काढलं होतं. दुपारी म्हणाले, "तुला काय पाठवायचं नाही मी. आधीच सांगतो." मी म्हणाले, मागितलंय कुणी? दोघांनाही जरा हलकं वाटलं.

हे सगळं वाचून एक गोष्ट मी लगेच केली. ज्या चौथ्या घरावर आमचा डोळा आहे, त्याची मालकीची नोंद काढली. नेदरलँड्समध्ये कडास्टर नावाचं भूमी अभिलेख खातं आहे, थोडे युरो भरले की कुणाच्याही घराची नोंद निघते. फोनवर नानांना दाखवली. नाना तलाठ्याकडं तीस वर्षं हेलपाटे घातलेला माणूस. डच ओ की ठो कळत नाही, पण बोटानं ओळ न ओळ सरकवत गेले.

"क्षेत्र?"

"१४२ चौरस मीटर."

"गुंठ्यात सांग."

"दीडच्या खाली, नाना."

"एवढ्यात विहीर तरी कुठं बसंल." मग थांबले. "अन् इतर हक्कात काय दावतंय?"

दुसरं पान उघडलं. आत्ताच्या मालकावर बँकेचं कर्ज होतं, आकड्यासकट. सांगितलं.

"म्हणजे बोजा हाय." फोन माझ्या हातात देत चष्मा काढला. "घेताना त्यो उतरवून घे आधी. मग तुजा चढव."